वीस सुंदऱ्या, बाई एकही नाही

“कागद टेबलावर ठेवायचे आणि तोंड मिटायचं. छापलंय तेवढंच खरं म्हणायचं. कळलं ना, पोरी?”

विन आंटींनी हे मला तीनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा तर जिन्याच्या कठड्याला धरून, एका पायावर उभं राहून. मी ‘हो हो’ म्हटलं आणि जिना उतरेपर्यंत ते विसरूनही गेले. मी इतिहासाची पदवी घेतलेली बाई. काय घडलं ते नीट, तारीखवार सांगितलं की समोरच्याला पटतंच, अशी एक समजूत त्या पदवीबरोबर मला फुकट मिळाली होती.

विन आंटी म्हणजे मिसेस विनिफ्रेड बर्टवेल, वय चौऱ्याऐंशी. आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. माझी एडा तेव्हा नऊ महिन्यांची होती आणि मी तिला कुणाच्याही हातात देत नसे. सासूबाईंच्याही नाही, त्यांच्या अंगठीला टोक आहे. एडा झोपली की श्वास चालू आहे ना हे बघायला मी तिच्या नाकाशी आरसा धरते, असं माझा नवरा कॉलम लोकांना सांगत सुटतो. आरसा नव्हे, चमचा. पण एडाला आंटींकडे सोपवलं की मला झोप लागे. तरुणपणी त्या रंगभूमीच्या कपडेपटात होत्या. तोंडात बारा टाचण्या धरून गप्पा मारायच्या, आणि आयुष्यात एक टाचणी गिळली नाही की पाडली नाही. अशा बाईच्या हातात मूल देता येतं.

जानेवारीत त्या जिन्यावरून पडल्या. डाव्या खुब्याला मार बसला. त्याच महिन्यात घरमालकानं घर विकलं. आता तिथे सुट्टीवर येणाऱ्यांसाठी ‘सागरी सदनिका’ होणार होत्या. आम्ही दुसरीकडे भाड्यानं जाऊ शकत होतो. आंटींसाठी नगरपालिकेनं एक वृद्धाश्रम शोधला, चाळीस मैल आत, मेंढ्या आणि मोटाररस्ता यांच्या मधोमध.

“तिथे कोण राहतं माहितीये?” आंटी म्हणाल्या. “निवृत्त विमा एजंट. मी तिथे म्हातारपणानं नाही मरायची, पोरी. जांभई देऊन देऊन मरेन.”

त्यांना जायचं होतं ते आमच्याच समुद्ररस्त्याच्या टोकाला असलेल्या टॅबर्नर हाउसमध्ये. आमच्या या स्कारहोम गावात उन्हाळी खेळ करून गबर झालेल्या जो टॅबर्नर नावाच्या विनोदवीरानं निवृत्त कलावंतांसाठी ठेवलेलं ते घर. आणि तिथे गेल्या नाताळापासून विल्फ टॅन्सली होता. आंटी आणि विल्फ सहा वर्षं एका रंगमंचावर जोडीनं नाचले होते. आमच्या समोर राहणारी डॉट तिथे साफसफाईला जाते. तिनंच सांगितलं, “म्हाताऱ्याला काही आठवत नाही बघ. सकाळी काय खाल्लं तेसुद्धा नाही. पण रोज संध्याकाळी विचारतो, बँड सुरू झाला, लायनेल आला का?”

 आंटींनी एडाच्या लोकरी टोपीचं टोक ओढून सरळ केलं. सरळच होतं ते.

आता लायनेल कोण, ते सांगते.

युद्ध संपल्यावर नौदलातून सुटलेल्या काही पोरांनी एक खेळ काढला होता, ‘नाविकांच्या मैना’. नाच, गाणी, नकला, आणि सगळे स्त्रीपार्ट. गावोगाव त्याची लांबोडकी पिवळी पोस्टरं लागायची, लाल-निळ्या अक्षरांची. वर हाताएवढ्या अक्षरात: ‘वीस सुंदऱ्या, बाई एकही नाही!’ आणि खाली: ‘एक जरी आढळली तर तिकिटाचे पैसे परत!’ मधे नावं. मुख्य नटाचं नाव वीतभर, मग खाली खाली बारीक होत शेवटचा बिचारा नाटकगृहाच्या बारमधल्या बिअरच्या जाहिरातीला टेकलेला. विन आंटींच्या आईचं वजडीचं दुकान होतं. काचेत पोस्टर लावू दिलं की दुकानदाराला सोमवारच्या पहिल्या खेळाची दोन तिकिटं फुकट मिळत. विन सात वर्षांची असल्यापासून दर सोमवारी नाटकगृहात. वजडीचा वास येतो म्हणून शेजारची खुर्ची नेहमी रिकामी, त्यामुळे ऐसपैस.

पुढे ती याच खेळाच्या कपडेपटात लागली. छप्पन साली बर्नलीच्या मुक्कामी, सोमवारी दुपारी, मिस्टर लायनेल फे नावाचा नट कॅनडाच्या बोटीवर चढायला निघून गेला. पुढच्या चार गावांच्या भिंतींवर त्याचं नाव चिकटलेलं. आणि त्या धंद्याचा कायदा एकच: भिंतीवर नाव आहे ना, मग ते रंगमंचावर दिसलंच पाहिजे. कोण घेऊन येतं ते बघायचं नाही. लायनेलचा झगा कंपनीत एकाच माणसाला बसत होता, तो आखूड करणाऱ्या पोरीला.

“फक्त हा आठवडा,” मालक म्हणाला होता.

तो आठवडा सहा वर्षं चालला. खेळाच्या शेवटी विसांच्या विसांनी केसांचे टोप उपटून जाड आवाजात ‘गुड नाइट’ म्हणायचं अशी रीत होती. त्यासाठी विननं केस पोरांसारखे कापले आणि आवाज बसावा म्हणून विड्या ओढल्या. “लोक बाहेर पडताना काय बोलायचे, सांगू?” आंटी हसून हसून खोकायच्या. “‘बाकीच्यांनी फसवलं मला, पण त्या फेला मी पहिल्या मिनिटाला ओळखलं हो! मनगटं बघ की, पक्का बाप्या!’”

पोस्टरवर लायनेलचं नाव बिअरपासून वर सरकत सरकत मध्यावर आलं होतं. आंटींनी त्यांतली हाती लागली तेवढी पोस्टरं जपली होती, गादीखाली, चप्पट. एक्केचाळीस गावं, एक्केचाळीस आठवडे.

हे आकडे महत्त्वाचे, कारण टॅबर्नरच्या मृत्युपत्रात प्रवेशाची अट होती: अर्जदाराचं नाव असलेली चाळीस आठवड्यांची छापील पोस्टरं. बस. जन्माचा दाखला मागायचा नाही, लग्नाचा मागायचा नाही, कोर्टाचा कुठलाही कागद तर मुळीच मागायचा नाही. रंगभूमीवरची निम्मी माणसं कशापासून तरी पळून आलेली असतात, हे टॅबर्नरला पक्कं ठाऊक होतं; त्याच्या स्वतःच्या दोन गावांत दोन बायका होत्या. पोस्टरवरचं नाव तेच वहीत. पोस्टरवर ‘मिस्टर’ असेल तर खोली पश्चिमेच्या सोप्यात, पुरुषांकडे; ‘मिस’ असेल तर पूर्वेच्या, बायकांकडे.

तर मी पोस्टरांची गुंडाळी काखेत, एडा छातीशी झोळीत आणि डोक्यात पदवी, अशी टॅबर्नर हाउसला गेले. आंटींना खुब्यामुळे येववत नव्हतं.

टेबलापलीकडे ट्रस्टचे चिटणीस मिस्टर ऑब्री थ्वेट होते, पूर्वी बँकेत होते ते. त्यांच्या शेजारी डॉक्टर इमोजन सेल. औषधाच्या डॉक्टर नव्हेत; जुन्या स्त्रीपार्टी खेळांवर त्यांनी प्रबंध लिहिला होता आणि ट्रस्टतर्फे पोस्टरांचं प्रदर्शन भरवायला त्या आल्या होत्या. गुंडाळी उलगडली तशा त्या उभ्या राहिल्या. पांढरे हातमोजे चढवले. डोळ्यांत खरोखर पाणी.

“लायनेल फे,” त्या कुजबुजल्या. “ऑब्री, एक्केचाळीस! अख्ख्या देशात तीन माहीत होती. ह्या माणसाबद्दल त्या काळच्या समीक्षकांनी काय लिहिलंय! पुरुष इतका आतून बाई झालेला दुसरा नाही.”

इथे मी तोंड मिटायचं होतं. कागद टेबलावर होते.

“त्याचं कारण असं,” मी म्हटलं, “की ती बाईच होती.”

आणि मग मी सगळं सांगितलं. बर्नली, कॅनडा, झगा, विड्या. तारीखवार.

 एडानं तेवढ्यात ढेकर दिला.

“मिसेस केलेट,” डॉक्टर सेल एखाद्या रुग्णाशी बोलावं तशा बोलल्या, “बाईनं बाई केली, यात कला ती काय?”

“तिनं बाई नाही केली. पुरुष जशी बाई करतो, तशी बाई केली.”

“म्हणजे पुरुष केला.”

“नाही, पुरुष फक्त शेवटी, टोप काढल्यावर. त्याआधी बाई. पण पुरुषाची बाई.”

“हे तुम्हाला तरी कळतंय का?” मिस्टर थ्वेट म्हणाले.

“प्रेक्षकांना कळत होतं,” मी म्हटलं.

“प्रेक्षकांचंच बोलू या.” त्यांनी पोस्टरच्या तळाशी पेन्सिल टेकवली, डॉक्टर सेलनी ती झटकन दूर सारली. “‘एक जरी आढळली तर पैसे परत.’ या कंपनीच्या मालकानं मरताना सगळं आपल्या ट्रस्टला दिलं, हक्क आणि देणी धरून. सहा वर्षं, आठवड्याला बारा खेळ, हजारभर खुर्च्या. तुमच्या शेजारीणबाई खरं बोलत असतील तर उद्या अर्धं लँकाशर दारात उभं राहील.”

“ते सगळे मेलेत, मिस्टर थ्वेट.”

“वारस असतात.”

डॉक्टर सेल खिडकीकडे बघत होत्या. “मी तुमच्या शेजारणीला खोटं म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “वय झालं की माणसं दुसऱ्याच्या आठवणी घालून बसतात, जुने कोट घालावेत तशा. कपडेपटातली साधी मुलगी, विंगेतून रोज बघणार. पण विचार करा, ह्या वंचित कलावंतांना आज कुठे जरा मान मिळतोय, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्याच्या जागी एक बाई येऊन बसणार? हे दुष्टपणाचं नाही का वाटत तुम्हाला?”

मला वाटलं. हीच तर माझी खोड. कुणी नीट शब्दांत सांगितलं की मला माझंच चुकलं असं वाटतं. तेवढ्यात एडानं हात लांबवून सर्वांत वरच्या पोस्टरचा कोपरा तोडला आणि तोंडात घातला.

दोघी एकदम किंचाळलो. मी “शिसं! जुन्या शाईत शिसं असतं!” आणि त्या “ऑल्डम, सत्तावन्न!” मी बोट घालून तिच्या गालफडातून लगदा काढला. डॉक्टर सेलनी तो माझ्या हातातून घेऊन बशीत ठेवला आणि बशीवर दुसरी बशी झाकली. एडाला काय झालं का, हे दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. मी फोनवर विषबाधेच्या मदतकेंद्राशी बोलत असताना मिस्टर थ्वेटनी माझ्यापुढे दोन कागद सरकवले. एक, पोस्टरं प्रदर्शनासाठी उसनी दिल्याचा. दुसरा, माझा जबाब: लायनेल फे आणि विनिफ्रेड बर्टवेल या एकच व्यक्ती असून ती स्त्री आहे, असं मी सांगितलं. मी फोन खांद्यात धरून दोन्हींवर सही केली. खरं तेच होतं ना.

आठवड्यानं पत्र आलं. मिसेस बर्टवेल यांच्या नावाचं एकही पोस्टर नसल्यामुळे अर्ज विचारात घेता येत नाही.

आंटींनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, “तोंड उघडलंस.”

“हो.”

“बाळाला काही झालं नाही ना? मग झालं तर. बस, चहा घे.”

त्या रात्री मी कॉलमला फोनवर सांगितलं, खाडीतल्या पवनचक्क्यांवर होता तो, पंधरा दिवसांच्या पाळीवर. “तू तरी कशाला गेलीस मधे पडायला?” तो म्हणाला. मधे पडायला! जिना मधे आहे आमच्या, एवढंच.

पण गंमत पुढेच आहे. मार्चमध्ये स्थानिक वर्तमानपत्रात टॅबर्नर ट्रस्टचं निवेदन आलं, पोस्टरच्या फोटोसकट. ‘मिस्टर लायनेल फे, आपण हयात आहात काय?’ या थोर कलावंताचा ट्रस्ट शोध घेत आहे, त्यांची चाळीस आठवड्यांची पात्रता ट्रस्टकडे आधीच नोंदलेली आहे, पश्चिमेच्या सोप्यातली नऊ नंबरची, समुद्राकडची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. डॉक्टर सेल रेडिओवरही बोलल्या. त्यांचा आवाज भरून आला होता.

त्याच दिवशी नगरपालिकेची बाई आंटींकडे येऊन गेली. मेंढ्यांकडची जागा पंधरा एप्रिलला मिळणार होती. सामान दोन पेट्या, त्याहून जास्त नाही.

ती जाताच वरून काठी आपटल्याचा आवाज आला. मी एडाला घेऊन धावत वर. आंटी आरशासमोर बसलेल्या, वर्तमानपत्र मांडीवर.

“कॉलमचं दाढीचं यंत्र आण.”

“कशाला?”

“नऊ नंबरची खोली आहे. समुद्राकडची. कशाला म्हणते!”

“आंटी, ही फसवणूक होईल.”

“कुणाची? भिंतीवर नाव त्याचं होतं, आत घाम माझा होता. त्यांना लायनेल फे पाहिजे, मी लायनेल फे आहे. यात खोटं कुठाय ते दाखव, तू शिकलेली आहेस.”

मी शोधलं. सापडलं नाही.

“पण तिथे नर्स असते. डॉक्टर येतो. आंघोळ...”

“आधी सोमवारचा खेळ उभा राहू दे, मंगळवारचं मंगळवारी बघू. आण ते यंत्र.”

मी त्यांचे केस कापले. पांढरे, पिसासारखे. एडा टाळ्या वाजवत होती आणि मी एकेक केस वेचत होते, तिनं गिळू नये म्हणून. मिस्टर बर्टवेल ज्या सूटमध्ये लोकांच्या अंत्ययात्रांना जायचे तो कपाटात होता. आंटींनी तो घातला, तोंडात टाचण्या धरून स्वतःच पँटची घडी मारली, काठी टेकून उभ्या राहिल्या. वर्णन करता येणार नाही असं काही बदललं. पाय थोडे फाकले, हनुवटी आत गेली, आणि मला चक्क वाटलं, परक्या पुरुषासमोर मी घरच्या गाऊनमध्ये उभी आहे.

“मिसेस केलेट,” ते म्हणाले, “तुमच्या शेजारणीनं तुमच्याबद्दल फार चांगलं सांगितलंय. आता दोन गोष्टी. तुम्ही मला ओळखत नाही. आणि विनिफ्रेड बहिणीकडे गेली.”

“बहीण आहे तुम्हाला?”

“नाही. म्हणूनच ती काही बोलायची नाही.”

प्रदर्शनाचं उद्घाटन शनिवारी सकाळी अकराला होतं. मी बाबागाडी घेऊन मागे, दाराजवळ उभी राहिले; आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून मी नेहमी दाराजवळच उभी राहते. भिंतीवर पिवळी पोस्टरं ओळीनं काचेत. ऑल्डमच्या पोस्टरचा खाल्लेला कोपरा वेगळ्या छोट्या चौकटीत, खाली पाटी: ‘काळाच्या खुणा’. शेरी, अंड्याची सँडविचेस, नगराध्यक्ष. घरातले म्हातारे कलावंत पुढच्या रांगेत, त्यांत चाकांच्या खुर्चीत विल्फ टॅन्सली, मांडीवर रुमाल, नजर कुठेही नाही.

टॅक्सी आली. मिस्टर फे आले.

मिस्टर थ्वेट पुढे झाले, पण बँकेतला माणूस तो. “आनंद झाला. तरी, एक औपचारिकता म्हणून... तुम्हीच ते, हे कसं समजावं? मधे एक बाई असा दावा करून गेल्या आहेत.”

“बाई?” मिस्टर फेंनी भुवई चढवली. “किती वयाची?”

“चौऱ्याऐंशी.”

“अरे अरे. आणि दिसायला?”

लोक हसले. मिस्टर फेंनी काचेच्या पेटीतला केसांचा टोप मागितला. डॉक्टर सेलनी हातमोजे घालून तो दिला, देवाला फूल वाहावं तसा. मिस्टर फेंनी तो चढवला, नगराध्यक्षांच्या बायकोकडून ओठांचा लाल रंग मागून घेतला, आरसा न बघता लावला, आणि काठी मिस्टर थ्वेटच्या हातात दिली.

मग ती बाई झाली. मी रोज जिन्यावर बघत असे ती नव्हे. ही जरा जास्तच बाई होती: मनगट अर्ध्या इंचानं जास्त वळलेलं, कंबर मुद्दाम उशिरा हललेली, लाजणं असं की आपण लाजतोय हे सर्वांना दिसावं. सहाच पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला डावा पाय अडला आणि तिनं त्या अडण्याचाच ठेका केला. डॉक्टर सेल शेजारच्या वार्ताहराला सांगत होत्या, “बघा, बघा ती मान! कुठल्याही बाईला हे जमणार नाही. बाईला स्वतःकडे इतकं लक्ष द्यायची कधी गरजच पडत नाही.” सकाळपासून मी सदरा उलटा घातलाय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, म्हणजे तेवढ्यापुरतं त्यांचं खरं असावं.

मग टोप खस्सकन उपटला, कापलेलं पांढरं डोकं, आणि खर्जात: “गुड नाइट, स्कारहोम!”

टाळ्या, शिट्ट्या. नगराध्यक्ष ओरडले, “मी पहिल्या मिनिटाला ओळखलं! खांदे बघा!”

आणि विल्फ टॅन्सलीची नजर कुठूनशी परत आली. “लायनेल,” तो चिडून म्हणाला, “माझी काजळकांडी तूच घेतलीस.”

“घेतली,” मिस्टर फे म्हणाले. “तू वापरत नव्हतास.”

“बँड सुरू झालाय.”

“ऐकू येतंय मला. सरक जरा.”

आणि त्या त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. म्हणजे बसले.

नंतर मिस्टर थ्वेट माझ्याकडे आले. जिंकलेला माणूस मोठ्या मनानं बोलतो तसे. “आलं ना लक्षात, मिसेस केलेट? तुमच्या शेजारणीवर आम्ही काही कारवाई करणार नाही. पण तुमचा जबाब फायलीत आहे. तुम्ही इथे वरचेवर दिसलात, मिस्टर फेंना त्रास झाला, तर मला तो विषय पुन्हा काढावा लागेल. त्या आहेत कुठे?”

“बहिणीकडे,” मी म्हटलं.

नगरपालिकेच्या बाईलाही मी हेच सांगितलं. तिनं फॉर्मवर लिहिलं आणि मेंढ्यांकडची जागा एका विमा एजंटला दिली.

आता आम्ही गावाच्या पलीकडच्या टोकाला राहतो. जिना नाही, तरी मी दाराला कुंपण लावलंय. टॅबर्नर हाउसच्या खिडक्या समुद्ररस्त्यावरून दिसतात, पण मी तिथून बाबागाडी नेत नाही. माझा चेहरा, माझी सही, दोन्ही त्यांच्याकडे आहेत. मी एकदा नऊ नंबरमध्ये गेले आणि एडा ‘विन’ म्हणाली, तर संपलं. तिला आता तेवढं बोलता येतं. त्यामुळे मला जे कळतं ते डॉटकडून. डॉट म्हणते, मिस्टर फे म्हणजे राजा माणूस. संध्याकाळी विल्फला चमच्यानं सूप भरवतात, दोघं सारखे भांडतात. फक्त फार लाजाळू बाई ते. नर्सला आंघोळ घालू देत नाहीत. दर गुरुवारी डॉक्टर येतात, त्यांना दारातूनच ‘ठणठणीत!’ म्हणून परत पाठवतात. “आणि आजकाल खुर्चीतून उठतच नाहीत ग जास्त,” असं ती परवा बोलता बोलता म्हणाली आणि बसच्या मागे पळाली.

जास्त नाही म्हणजे किती? त्या खुब्याकडे जानेवारीपासून कुणी बघितलेलं नाही.

भेटीची वेळ बुधवारी आणि रविवारी, दोन ते चार. कुणीही जाऊ शकतं, नाव विचारतात, ओळख विचारत नाहीत. तुम्ही त्या किनाऱ्याला कधी आलात तर जा. पश्चिमेचा सोपा, नऊ नंबर, ‘मिस्टर फे’ असंच म्हणा. जुनी पोस्टरं बघून आलो म्हणा, खूश होतील. मग काहीतरी निमित्त काढून त्यांना खिडकीपर्यंत चालायला लावा. जहाज दिसतंय म्हणा, काहीही म्हणा. आणि डावा पाय बघा. टेकवतात का, ओढतात का, की विल्फच्या खुर्चीला धरल्याशिवाय उठताच येत नाही. विचारलंत तर त्या ठणठणीत म्हणतील. विचारू नका. बघा, आणि मला कळवा.